चार दशांश मिलिमीटरचं पोलाद

रविवारी पहाटे नार्सिंगीवरून गंडीपेट किंवा चिलकूरकडे निघालेल्या सायकली पाहिल्या, तर हैदराबादेत सध्या कार्बन फायबरचं राज्य आहे हे कळायला वेळ लागत नाही. जाड, पसरट, काळ्या नळ्या, त्यावर हातभर लांबीची कंपनीची नावं. त्यांत एखादीच सायकल वेगळी असते. नळ्या गोल, सरळ आणि बारीक. आडवी दांडी तर अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात सहज मावेल एवढीच. चहाच्या टपरीवर कुणीतरी ती कुतूहलाने उचलून बघतो आणि अस्सल दखनीत म्हणतो, ‘‘लोहे की है बोलके लगताइच नै!’’

लोखंडाची नव्हे, पोलादाची. पण आश्चर्य रास्त आहे. आपल्या डोक्यात पोलादी सायकल म्हणजे दूधवाल्याची काळी सायकल. मागे दोन्ही बाजूंना कॅन, मध्ये आडव्या दोन दांड्या, वजन वीस किलोच्या घरात. तिच्या नळ्या साध्या पोलादाच्या आणि भरपूर जाड पत्र्याच्या असतात, कारण तिच्यावर कोण काय लादेल याचा भरवसा नसतो. हलक्या पोलादी सायकलीची नुसती फ्रेम दीड-पावणेदोन किलोत बसते आणि चाकं-ब्रेकांसह सगळी सायकल आठ-नऊ किलोंत. धातू बघायला गेलं तर दोन्हीकडे जवळपास तोच, शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग लोखंडच. मग अर्ध्याहून जास्त वजन गेलं कुठे?

सायकलच्या दुकानात याचं ठरलेलं उत्तर मिळतं: ‘हे पोलाद भारी आहे, हलकं आहे.’ यातला पहिला अर्धा भाग खरा आणि दुसरा साफ खोटा. हलकं पोलाद नावाची वस्तू नसते. साधं असो की महागातलं, पोलाद पाण्याच्या सुमारे ७.८५ पट जड. त्याहून कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे पोलादाचा ताठपणाही बदलत नाही. भार दिल्यावर नळी किती वाकेल हे जो गुणांक ठरवतो, तो सगळ्या पोलादांसाठी २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. बदलते ती मजबुती, म्हणजे किती ताण दिल्यावर धातू कायमचा वाकेल किंवा तुटेल ती मर्यादा. साध्या सायकलीचं पोलाद चारशे मेगापास्कलच्या आगेमागे हात टेकतं, उत्तम प्रतीचं दीड-दोन हजारांपर्यंत जातं. पैसे मोजून मजबुती चार-पाच पट विकत घेता येते, ताठपणा मात्र एक कणभरही वाढवून मिळत नाही. हलक्या पोलादी फ्रेमचं सगळं सुख आणि सगळं दुखणं या एका ओळीतून निघतं.

हैदराबादेत राहणाऱ्याला पोलादाबद्दल थोडा तोरा मिरवायचा हक्क आहे. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथल्या मुशींत शिजलेलं वूट्झ पोलाद विकत घ्यायला इराणचे व्यापारी येऊन राहत असत. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या लहरदार तलवारींना लागणारी पोलादाची वडी दख्खनमधून जायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री व्हॉयसी या भूवैज्ञानिकाने हे काम पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं. त्याच सुमारास तिकडे लंडनमध्ये मायकेल फॅरडे वूट्झच्या तुकड्यांवर प्रयोग करत होता. या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. त्यामुळे धार अप्रतिम, पण त्याची पातळ नळी ओढायला गेलात तर तडकून हातात येईल.

दुसरं टोक शहरातच आहे, कंचनबागेत. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या मिश्र धातु निगमला, म्हणजे इथल्या बोलीत ‘मिधानी’ला, मॅरेजिंग पोलाद बनवता येतं. यात कार्बन ०.०३ टक्क्याहून कमी, निकेल तब्बल अठरा टक्के आणि जोडीला कोबाल्ट, मॉलिब्डेनम, टायटॅनियम. कार्बनऐवजी या धातूंचे अतिसूक्ष्म कण त्याला बळ देतात. ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास मुरवलं की ते तयार होतात. पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं २.८ मीटर व्यासाचं कवच याच जातीच्या पोलादाचं असतं. ती कवचं घडवणाऱ्या कारखान्यांत पुणे जिल्ह्यातलं वालचंदनगर आहे, हे मराठी वाचकाला सांगायला हवं. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने २००५-०६च्या सुमारास ‘९५३’ नावाची सायकलची नळी बाजारात आणली, तीही मॅरेजिंग कुळातलीच, शिवाय न गंजणारी.

सायकलच्या नेहमीच्या चांगल्या नळ्या या दोन टोकांच्या मधल्या. ‘क्रोमोली’ म्हणून जे पोलाद ओळखलं जातं, त्यात कार्बन ०.३ टक्का, क्रोमियम एक टक्का आणि मॉलिब्डेनम जेमतेम ०.२ टक्का. एवढ्याशा फोडणीने मजबुती दुपटीच्या आसपास जाते.

वजनाचं कोडं आता सुटतं. मजबूत पोलाद घेतलं की नळीचा पत्रा पातळ करता येतो. २८.६ मिलिमीटर व्यासाची एक मीटर नळी घ्या. फ्रेमची खालची तिरकी नळी पूर्वापार याच मापाची असे. पत्रा ०.९ मिलिमीटर असेल तर तिचं वजन भरतं ६१५ ग्रॅम. ०.६ केला तर ४१४. ०.४ वर आणला तर २७८, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

फक्त टोकांशी इतकं पातळ चालत नाही. सगळा ताण सांध्यांशी येतो आणि जोडताना उष्णताही तिथेच बसते. सायकलच्या पहिल्या भरभराटीत सगळे कारागीर याच पेचात अडकले होते: नळी जाड घ्यावी तर सायकल जड, पातळ घ्यावी तर सांध्यापाशी मोडते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सचं घराणं खिळे बनवणारं. त्याने १८९७ मध्ये पेटंट घेतलं ते अशा नळीचं, जी बाहेरून सगळीकडे सारखीच दिसते, पण आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. तिला ‘बटेड’ नळी म्हणतात. ०.८-०.५-०.८ असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, दोन्ही टोकं ०.८ मिलिमीटर आणि पोट ०.५. आजही उत्तम पोलादी फ्रेमचा जीव याच युक्तीत आहे. १९३५ मध्ये त्याच कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनमचं ‘५३१’ आणलं आणि पुढची चाळीस वर्षं चांगली सायकल म्हणजे पाचशे एकतीस हे समीकरण झालं. जॅग्वार कंपनीच्या ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही या नळ्या होत्या.

एक गंमत इथे सांगितलीच पाहिजे. रेनॉल्ड्स कंपनी १९२८ मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या इंग्रजी उद्योगसमूहात गेली. त्याच समूहाने मुरुगप्पा घराण्याबरोबर १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स सुरू केली. आपल्या वाडवडिलांची हर्क्युलिस तिथली. म्हणजे पाचशे एकतीस आणि हर्क्युलिस ही एकाच घरातली चुलत भावंडं. एक टूर द फ्रान्सला गेलं, दुसरं मोंढ्यात. देशाला तेव्हा वाहून नेणारी सायकल हवी होती आणि ती मिळालीही, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोलादी सायकल हलकी असू शकते हे आपल्याला दोन पिढ्या कळलंच नाही.

पातळ नळीची किंमत मात्र कुठेतरी मोजावी लागते. नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या घनाशी आणि जाडीशी जोडलेला असतो. वरच्याच उदाहरणात ०.९ची ०.४ केली की वजन निम्म्याहून खाली गेलं खरं, पण ताठपणाही ४७ टक्क्यांवर आला. ९५३ घ्या, ५३१ घ्या, मिधानीच्या रॉकेटचं पोलाद घ्या, हा आकडा हलत नाही. ती नळी तुटणार नाही, पण वाकेल. पायडलवर उभं राहून जोर दिला की फ्रेमचा खालचा भाग डावीकडे-उजवीकडे झुलेल.

यावर उपाय आहे: व्यास वाढवा. २८.६ ऐवजी ३१.८ मिलिमीटरची नळी घेऊन पत्रा ०.६ केला, तर जुन्या ०.९च्या नळीइतकाच, म्हणजे ९५ टक्के ताठपणा मिळतो आणि वजन पाव हिश्श्याने कमी होतं. फुकटचाच सौदा वाटतो. मग व्यास आणखी वाढवा, पत्रा आणखी पातळ करा, असं का नाही? कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन उभा दाबून बघा. बराच वेळ तो भार पेलतो आणि मग एका क्षणी कडेला सुरकुती पडून बसतो. तो तुटत नाही, त्याची भिंतच आत दुमडते. नळीचा व्यास जाडीच्या पन्नास-साठ पटींच्या पुढे गेला की फ्रेम बनवणारे याच भीतीने हात आखडता घेतात. ३१.८ला ०.४ म्हणजे जवळजवळ ऐंशी पट.

अॅल्युमिनियमने पोलादाला मागे टाकलं ते नेमकं इथे. त्याचा ताठपणा पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आणि वजनही तिसऱ्या हिश्श्याइतकंच. भागाकार करून पाहिला तर पोलाद आणि अॅल्युमिनियम यांचं वजनामागे ताठपणाचं गुणोत्तर जवळपास एकच निघतं. टायटॅनियमही फार लांब नाही. निसर्गाने तिघांनाही सारखंच माप घातलंय. फरक एवढाच की अॅल्युमिनियम हलकं असल्याने त्याची नळी भरपूर रुंद करूनही भिंत पुरेशी जाड ठेवता येते. पोलादाची तेवढी रुंद आणि तेवढ्याच वजनाची नळी करायची, तर भिंत वर्तमानपत्राच्या जाडीकडे निघते. म्हणून १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर मोठ्या शर्यतींतून पोलाद बाहेर पडलं. ते कमजोर होतं म्हणून नव्हे. ताठ आणि हलकं दोन्ही एकदम व्हायचं असेल तर धातू विरळ असावा लागतो आणि पोलाद विरळ होऊ शकत नाही.

हे सगळं कबूल करूनही माणसं बारीक नळ्यांची पोलादी सायकल घेतात. का?

वजन हे उत्तर कमी प्रतीचं आहे. अनंतगिरीच्या चढावर हिशेब करू. सत्तर किलोचा माणूस, दहा किलोची सायकल, पाच किलो पाणी-सामान, एकूण ८५ किलो. फ्रेमचं वजन अर्ध्या किलोने घटलं, तर चढावर फायदा ०.६ टक्के. वीस मिनिटांच्या चढात सात सेकंद. एवढ्यासाठी कुणी आयुष्याची कमाई खर्च करू नये. सायकल उचलून बघताना अर्धा किलो हाताला जाणवतो, पायांना नाही. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर नेणाऱ्याला जाणवतो, हे मात्र मान्य.

दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे आराम. ‘पोलाद धक्के खातं’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर शंका घेणं उद्धटपणाचं वाटतं. तरीही घेतो. सायकलची फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. उभ्या दिशेने दाबायला त्रिकोणाइतका हट्टी आकार नाही. खड्ड्यात चाक गेल्यावर ती उभी दबते ती मिलिमीटरच्या अंशाने. त्याच वेळी टायर कित्येक मिलिमीटर बसतो. धक्का खातो तो टायर. मेहदीपटणमहून चेवेळ्याकडे जाताना रस्त्यावरच्या पांढऱ्या जाड पट्ट्यांनी हाडं खिळखिळी होत असतील, तर फ्रेम बदलण्याआधी २५ मिलिमीटरचे टायर काढून ३५चे टाका आणि हवा कमी करा. पुढच्या चिमट्याचं श्रेय मात्र काढून घेता येत नाही. बारीक आणि टोकाशी पुढे वळवलेला पोलादी चिमटा खरोखर थोडा झुलतो आणि मनगटांना ते कळतं.

तिसरं उत्तर सगळ्यात वादग्रस्त आणि माझ्या मते सगळ्यात खरं. पातळ नळ्यांची फ्रेम पायांशी बोलते. पायडलवर जोर दिला की ती किंचित बाजूला वळते आणि जोर सुटताच परत येते. ही लय काही चालकांच्या पायांशी जुळते आणि मग तितक्याच दमात सायकल थोडी जास्त पळते, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत सिॲटलमध्ये राहणाऱ्या यान हाइने या सायकल-नियतकालिकाच्या संपादकाने याची चाचणीही घेतली. मापं सारखी, रंग सारखा, फरक फक्त नळ्यांच्या जाडीत आणि कोणती फ्रेम कोणती हे चालवणाऱ्याला माहीत नाही. काहींना फरक नेमका ओळखता आला आणि त्यांना पातळ नळ्यांची फ्रेमच वेगवान वाटली. माणसं मोजकी होती, त्यामुळे हा पुरावा शाळेच्या पुस्तकात घालण्याजोगा नाही. फ्रेममध्ये साठलेली ऊर्जा चाकापर्यंत पोचते की पायातच परत जाते यावर अभियंते अजून भांडतात. पण ‘जितकी ताठ तितकी चांगली’ हे जे जाहिरातींनी गेली तीस वर्षं आपल्या गळी उतरवलं, ते सिद्ध झालेलं नाही एवढं तरी या भांडणातून निष्पन्न होतं.

त्यात आपल्यासाठी एक खास मुद्दा आहे. कारखान्यात बनणाऱ्या फ्रेम्स आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाच्या चाचणीत पास व्हाव्या लागतात आणि ती चाचणी सायकल चालवणारा शंभर किलोचा असो की पंचावन्नचा, सारखाच भार देते. वर, लहान मापाच्या फ्रेमच्या नळ्या आखूड असतात आणि आखूड नळी आपोआप जास्त ताठ होते. परिणाम असा, की पाच फूट दोन इंच उंचीच्या, पन्नास किलो वजनाच्या मुलीला जी फ्रेम मिळते ती तिच्या दृष्टीने लोखंडी खाट असते. आपल्याकडे सायकल चालवणाऱ्यांत साठ किलोच्या आतबाहेरची माणसं भरपूर. त्यांच्यासाठी मापाने बनवलेली पातळ नळ्यांची फ्रेम ही चैन नसून कपडे अंगाच्या मापाने शिवून घेण्यासारखी साधी गोष्ट आहे. शंभर किलोच्या गड्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

हलकेपणा आणि टिकाऊपणा यांचा तोल कसा मोजावा, याचं उत्तम उत्तर फ्रेंचांनी शोधलं होतं. १९३०च्या दशकात तिथे सायकलींच्या तांत्रिक स्पर्धा सुरू झाल्या. दिवे, मडगार्ड, कॅरिअर सगळं लावलेली सायकल खराब डोंगरी रस्त्यांवर शेकडो किलोमीटर पळवायची. वजन कमी तर गुण जास्त. पण वाटेत काही सैल झालं, मोडलं, हरवलं की गुण कापायचे. १९४६ मध्ये अलेक्स सिंगर या कारागिराची सायकल सात किलोंच्या आत बसली होती, सगळ्या सामानासह, आणि फ्रेम पोलादाची. आजच्या शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोंहून हलकं व्हायला नियमाने बंदी आहे, दिवे आणि मडगार्ड तिला असतच नाहीत. पाऊणशे वर्षांत आपण नेमके किती पुढे आलो, हा प्रश्न पडतो.

हैदराबादहून निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या बीआरएम राइड्स याच फ्रेंच परंपरेतल्या. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. शर्यत नाही, वेळेत परत यायचं एवढंच. बारीक नळ्यांच्या पोलादी सायकली तुम्हाला दिसतील त्या बहुतेक इथेच. चौदा तास खोगीरावर बसणाऱ्याला सात सेकंदांचं सोयरसुतक नसतं. पायांना बोचणार नाही अशी फ्रेम हवी असते आणि सायकलवर दिवे, पंपासह झोळी लटकवता यायला हवी असते.

पण नेमकी ती झोळी गोत्यात आणू शकते. पुढच्या हँडलवर तीन-चार किलो सामान, आडवी दांडी बारीक आणि पातळ, वेग चाळीसच्या वर आणि हात हँडलवर सैल. अशा वेळी पुढचं चाक आपोआप थरथरायला लागतं, कंपन वाढत जातं आणि सगळी सायकल अंग झटकल्यासारखी हलते. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याची बोबडी वळते. हँडल घट्ट धरलं की ते बऱ्याचदा वाढतंच. गुडघा आडव्या दांडीला टेकवायचा, खोगीरावरून अंगाचा भार थोडा उचलायचा, मग हळूहळू ब्रेक. आडवी दांडी जितकी लवचीक तितका हा धोका जास्त. म्हणून अनुभवी कारागीर दांडी ०.४ची आणि खालची नळी थोडी दणकट असा मेळ घालताना सामान कुठे लटकवणार हे आधी विचारतात.

दुसरा धोका सायकल उभी असताना. नळीला पोचा पाडायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाने घटतो: जाडी निम्मी केली की पाव जोर पुरतो. इथे मजबूत पोलादाला दिलेले पैसे थोडे वसूल होतात, कारण चिवट धातू पोच्याला जास्त विरोध करतो. तरी ०.४ म्हणजे ०.४. रेल्वेच्या लगेज डब्यात दुसऱ्या सायकलीचं पायडल दांडीवर टेकलं, अपार्टमेंटच्या तळघरात स्कूटरचा आरसा घासला, सर्व्हिसिंगच्या स्टँडचा जबडा खोगीराच्या दांड्याऐवजी नळीवर आवळला, एवढं पुरे. आडव्या दांडीवर पोराला बसवून फिरवायची आपली जुनी पद्धत तर विसराच. त्या पोच्याने फ्रेम लगेच मोडते असं नाही, बहुतेकदा वर्षानुवर्षं चालते. पण आपण तो पोचा दररोज बघतो.

तिसऱ्या मुद्द्यावर मला पोलादप्रेमींशीच भांडायचं आहे. ‘पोलादाची फ्रेम कुठल्याही खेड्यातला वेल्डर जोडून देईल’ ही त्यांची आवडती ओळ. काळ्या सायकलीबद्दल ती शंभर टक्के खरी. दीड मिलिमीटरच्या साध्या नळीला कुणीही टाका मारावा. पण ०.५च्या उष्णता दिलेल्या नळीला रस्त्याकडेच्या इलेक्ट्रिक वेल्डिंगची कांडी लावली, तर चीर जुळण्याऐवजी भोक पडेल. १९७६ मध्ये आलेलं रेनॉल्ड्स ७५३ इतकं नाजूक होतं, की ते विकत घेण्याआधी कारागिराला नमुन्याचे सांधे जोडून कंपनीकडे तपासायला पाठवावे लागत. त्याला पितळेचा डाख चालत नसे, कारण पितळ वितळायला नऊशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं आणि तेवढ्यात नळीला आधी दिलेलं बळ उतरतं. म्हणून चांदीचा डाख, साडेसहाशे-सातशे अंशांचा. १९९०च्या दशकातल्या ८५३ने ही अडचण उलटी केली: ते वेल्डिंगनंतर हवेत निवताना सांध्याशी अधिक कणखर होतं. ९५३ तर इतकं कठीण, की करवत आणि कानस कंटाळतात. मजबुती जितकी वर चढते, तितका आपल्या गल्लीतला कारागीर दूर जातो. दुरुस्त करता येण्याजोगी सायकल हवी असेल तर साधी क्रोमोली, पोट ०.६चं. तिच्यासाठी पितळेचा डाख लावणारा हात शोधला की मिळतो.

पोलादाची एक सभ्यता मात्र निर्विवाद. ते सहसा सांगून मोडतं. अॅल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित अशी मर्यादा नसते, छोटे ताणही साठत जातात. पोलादात एका मर्यादेखालचे ताण कितीही वेळा दिले तरी चालतात. चीर पडलीच तरी ती हळूहळू वाढते, रंगावर रेघ उमटते, कुरकुर ऐकू येते, सायकल मवाळ लागायला लागते. लक्ष देणाऱ्याला घरी परतायला वेळ मिळतो.

गंजाच्या बाबतीत हैदराबादकर नशीबवान. इथे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हवा बहुतेक महिने कोरडी. रत्नागिरीत किंवा मुंबईत हीच फ्रेम आतून कुजायला लागेल. पातळ नळीत गंजाचं गणित निर्दय असतं: दीड मिलिमीटरच्या नळीतून दशांश मिलिमीटर गेला तर कुणाला पत्ता लागत नाही, ०.४च्या नळीतून तेवढाच गेला तर पाव भिंत गेली. फ्रेम नवी असताना आतून जवसाचं तेल फिरवून वाळू द्यायचं, पावसात भिजली तर खोगीराचा दांडा काढून सायकल उलटी ठेवायची, एवढं पुरतं. घाम मात्र विसरला जातो. घरातल्या घरात ट्रेनरवर सायकल चालवणाऱ्यांचा खारट घाम आडव्या दांडीवर ठिबकतो आणि ब्रेकच्या केबलच्या भोकातून आत जातो. हैदराबादच्या मे महिन्यात तो पावसाहून वाईट.

मला विचाराल तर साठ-सत्तर किलोच्या आणि हलक्या सामानाने फिरणाऱ्या माणसाने २८.६ची खालची नळी, २५.४ची दांडी, पोट ०.५ असलेली क्रोमोली किंवा ८५३ घ्यावी आणि उरलेले पैसे टायरांवर घालवावेत. बाह्यवळण रस्त्यालगत सौर छताखालचा जो तेवीस किलोमीटरचा सायकल मार्ग २०२३ मध्ये सुरू झाला, तिथेच फिरणार असाल तर ०.४सुद्धा चालेल, तिथे खड्डे नाहीत आणि स्कूटरही नाहीत. बॅगा लटकवून लांब जाणाऱ्याने एक माप रुंद नळ्या घ्याव्यात. ९५३चं कौतुक मला रॉकेटचं असतं तेवढंच आहे.

जुनी घेणार असाल तर मजकुरापेक्षा नळीवर विश्वास ठेवा. स्टिकर दहा रुपयांत मिळतो. खोगीराचा दांडा काढून त्याच्या तळाशी छापलेलं माप वाचा: उत्तम पातळ नळ्यांच्या जुन्या फ्रेमला २७.२ मिलिमीटरचा दांडा लागतो, साध्याला २५-२६चा, कारण बाहेरून नळी तेवढीच असते आणि आतली भिंत जाड. मग पायडलच्या बैठकीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन आडव्या नळ्या उजेडात तपासा, विशेषतः चेनच्या बाजूची, बैठकीपासून चार बोटं अंतरावर. चीर पडली तर बहुतेक तिथेच पडते. शेवटी हँडलच्या नळीखाली, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाशी बोट फिरवा. तिथे रंगाखाली बारीकशी लाट हाताला लागली, तर सायकल कधीतरी समोरून कशावर तरी आपटली आहे आणि विकणारा कितीही गोड बोलत असला तरी ती घ्यायची नाही.